जागा कमी पडली की काय गळतं? डॅशबोर्डच्या मांडणीविषयी थोडं

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा डॅशबोर्डशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल एप्रिल २०२१ मधली एक दुपार सांगतो, म्हणजे संबंध आपोआप कळेल.

करोनाची दुसरी लाट होती. आम्ही काही निवृत्त मंडळी घरी बसून फोनवरून मदत करत होतो. रुग्णाचे नातेवाईक फोन करायचे आणि कुठे खाट रिकामी आहे ते आम्ही शोधून सांगायचो. ही माहिती एका संकेतस्थळावरच्या डॅशबोर्डवर मिळायची. आमच्यातले दोघे संगणकावर बघायचे, बाकीचे मोबाइलवर. त्या दुपारी एका मुलाचा फोन आला. वडिलांसाठी ऑक्सिजनची खाट हवी होती. आमच्यातल्या एका बाईंनी मोबाइलवर पाहिलं, एका रुग्णालयासमोर आकडा होता ६. त्यांनी पत्ता दिला. मुलगा वडिलांना रिक्षात घालून तिथे गेला. खाट नव्हती.

संध्याकाळी तोच तक्ता आम्ही संगणकावर उघडला तेव्हा उलगडा झाला. आकडा खोटा नव्हता. पण अगदी उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात माहिती भरल्याची वेळ होती, आदल्या रात्री साडेअकराची. मोबाइलवर तो रकाना पडद्याच्या बाहेर गेला होता. बोटाने तक्ता डावीकडे सरकवला असता तर दिसला असता, पण सरकवायचं असतं हे सांगणारी कुठलीही खूण तिथे नव्हती. त्या वडिलांना रात्री दुसरीकडे खाट मिळाली, ते बरे होऊन घरी आले. पण ते मधले तास त्या मुलाने कसे काढले असतील, याचा विचार आम्ही आजही करतो.

आता सांगा, चूक कोणाची? बाईंनी समोर दिसलं ते वाचलं. माहिती भरणाऱ्याने वेळ भरली होती. संगणकावर ज्याने तक्ता पाहिला त्याला सगळं नीट दिसत होतं. गडबड झाली ती मोठ्या पडद्यावरून छोट्या पडद्यावर येताना. जागा कमी पडली आणि काहीतरी गळलं. काय गळावं हे कोणी ठरवलंच नव्हतं, म्हणून ते पडद्याच्या रुंदीने ठरवलं. आज आपण एवढंच बघणार आहोत: जागा कमी पडली की काय गळू द्यायचं, काय जागेवरून हलवायचं, आणि काय कोणत्याही परिस्थितीत गळू द्यायचं नाही.

दिसतं प्रत्यक्ष, असतो शब्द

आधी शब्दाकडे बघू. डॅशबोर्ड हा मूळचा घोडागाडीचा शब्द. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावत, ती डॅशबोर्ड. मोटार आली, घोडा गेला, फळी मात्र राहिली. तिच्यावर वेग आणि इंधन दाखवणारी तबकडी बसली. पुढे कार्यालयातल्या संगणकावर महत्त्वाचे आकडे एकत्र दाखवणाऱ्या पानाला तेच नाव मिळालं. या विषयावर स्टीफन फ्यू यांचं २००६ सालचं पुस्तक पुष्कळ वाचलं जातं. त्यांचा आग्रह असा, की डॅशबोर्ड एका पडद्यावर मावला पाहिजे आणि एका नजरेत कळला पाहिजे. त्यांच्यासमोर अर्थातच संगणकाचा पडदा होता. आयफोन आला २००७ मध्ये.

आता आपल्याकडचा एक जुना विचार. न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गाडीतली तबकडी गाडीच्याच चाकाशी जोडलेली असते. ती जवळजवळ प्रत्यक्ष म्हणू. पण खाटांचा डॅशबोर्ड? तिथे रुग्णालयातल्या कोणीतरी मोजलं, कोणीतरी टंकलं, कुठेतरी साठवलं गेलं आणि मग आपल्यापर्यंत आलं. हे शब्दप्रमाण आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावर आपण विश्वास ठेवतो आहोत. नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा आप्त असेल तरच, म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगतो आहे.

गंमत अशी, की डॅशबोर्ड दिसतो प्रत्यक्षासारखा. मोठा ठळक आकडा, हिरवा रंग, बाजूला हलणारी रेघ. आपल्याला वाटतं, आपण रुग्णालयात डोकावूनच बघतो आहोत. म्हणून तो आकडा कोणी सांगितला आणि कधी सांगितला, हे आकड्याला चिकटूनच असलं पाहिजे. ती शोभेची तळटीप नव्हे. आकड्याची विश्वासार्हता तिच्यावरच उभी आहे.

म्हणून पहिला नियम असा घेऊ. प्रत्येक आकड्याला चार सोबती असतात: कशाचा, कितीपैकी, कधीचा, कोणाकडून आलेला. पडदा कितीही लहान होवो, या चौघांना आकड्यापासून तोडायचं नाही. जागा नसेल तर आकडे कमी करा, सोबती कमी करू नका. 'रिकाम्या खाटा ६' यापेक्षा 'ऑक्सिजनच्या ४० पैकी ६ खाटा रिकाम्या, रुग्णालयाची माहिती, काल रात्री ११.३०' हे लांब आहे, मान्य. पण हे वाचून त्या बाईंनी आधी रुग्णालयाला फोन लावला असता.

कितीपैकी: धरणांचं उदाहरण

चौघांपैकी 'कितीपैकी' हा सर्वांत आधी बळी जातो, कारण टक्केवारी दिली की काम झालं असं वाटतं. पुणेकरांना ओळखीचं उदाहरण घेऊ. खडकवासला साखळीत चार धरणं. त्यांचा उपयुक्त साठा असा: वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७. बेरीज २९.१५. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. साखळीचं नाव खडकवासल्याचं, पण पाणी त्याच्या पोटात जेमतेम सात टक्के.

आता समजा, संगणकावर चार धरणांचा तक्ता आहे. नाव, क्षमता, आजचा साठा, टक्के, पाऊस, विसर्ग. मोबाइलवर जागा नाही म्हणून फक्त नाव आणि टक्के ठेवले. समजा एखाद्या दिवशी खडकवासला १०० टक्के, टेमघर १०० टक्के, पानशेत ४० आणि वरसगाव ४०. मोबाइलवर बघणारा मनातल्या मनात काय करेल? चारांची सरासरी काढेल, ७० टक्के. बरं आहे, पाणीकपात लांबली! प्रत्यक्षात हिशेब करा. १.९७ अधिक ३.७१ अधिक ४.२६ अधिक ५.१३, म्हणजे १५.०७ टीएमसी. २९.१५ पैकी ते होतात ५२ टक्के. सत्तर आणि बावन्न यांत कपात करायची की नाही एवढा फरक आहे.

इथे एकही आकडा चुकीचा नाही. फक्त क्षमतेचा रकाना गळला आणि वाचणाऱ्याने चुकीचं अनुमान केलं. मग मोबाइलवर काय करायचं? सहा रकाने तर कोंबता येणार नाहीत. वर एकच ओळ ठेवा: साखळीत १५.०७ टीएमसी, २९.१५ पैकी, ५२ टक्के, आज सकाळी ६ वाजता. खाली चार आडवे पट्टे, प्रत्येक पट्ट्याची लांबी धरणाच्या क्षमतेएवढी आणि त्यात भरलेला भाग रंगवलेला. खडकवासल्याचा पट्टा पूर्ण भरलेला पण चिमुकला दिसेल, वरसगावचा लांबलचक पण अर्ध्याहून अधिक रिकामा. रकाना गेला, तरी 'कितीपैकी' डोळ्यांना दिसतंच आहे. पाऊस आणि विसर्ग हवा असेल त्याने पट्ट्यावर बोट टेकवावं. म्हणजे आपण रकाना गाळला, माहिती गाळली नाही.

चित्र आणि वाक्य

आता दोन पडद्यांमधला फरक नीट समजून घेऊ. लोकांना वाटतं फरक फक्त आकाराचा आहे. आकाराचा तर आहेच. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा संगणकाचा पडदा घ्या, आणि मांडणीच्या हिशेबात ३६० गुणिले ८०० धरला जाणारा साधा फोन घ्या. गुणाकार केला तर फोनला सातवा हिस्सा जागा मिळते. पण याहून मोठा फरक प्रकाराचा आहे. मोठा पडदा चित्रासारखा असतो. सगळं एकाच वेळी समोर, डोळा हवा तिकडे फिरतो. फोनचा पडदा वाक्यासारखा असतो. एकामागून एक येतं. आधी काय आणि नंतर काय, याला अर्थ असतो.

याचे दोन परिणाम होतात. पहिला तुलनेविषयी. मोठ्या पडद्यावर या वर्षीचा आलेख डावीकडे आणि गेल्या वर्षीचा उजवीकडे असेल, तर तुलना डोळा करतो. तेच दोन आलेख फोनवर एकाखाली एक आले, की दुसरा बघताना पहिला वर सरकून गेलेला असतो. आता तुलना स्मरणशक्तीला करावी लागते, आणि ती या कामात फार कच्ची आहे. आमच्या वयाची तर विचारूच नका! म्हणून जे आलेख तुलनेसाठी आहेत ते फोनवर एकाखाली एक लावू नयेत, दोन रेषा एकाच आलेखात आणाव्यात. तेही जमत नसेल तर तुलनेचं उत्तरच शब्दांत लिहावं: गेल्या वर्षी याच तारखेपेक्षा ३ टीएमसी कमी.

दुसरा परिणाम क्रमाविषयी. २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी एका लेखात एकच पान पडद्याप्रमाणे आपली मांडणी बदलेल अशी रीत सांगितली आणि तिला 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिलं. लवचीक चौकट, लवचीक चित्रं आणि पडद्याची रुंदी बघून नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरी, ही त्याची तीन अंगं. आज बहुतेक डॅशबोर्ड याच रीतीने बनतात. पण ही रीत चौकोन कुठे बसेल एवढंच बघते. चौकोनांत नातं काय आहे ते तिला ठाऊक नसतं. तीन रकान्यांचं पान फोनवर आलं की चौकोन आपोआप एकाखाली एक रचले जातात. मग मोठ्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात दिमाखात बसलेला धोक्याचा इशारा फोनवर नवव्या क्रमांकावर जातो. तिथपर्यंत कोण पोचणार?

म्हणून २०११ मध्ये ल्यूक रोब्लेव्स्की यांनी पुस्तकातून सांगितलेली 'मोबाइल फर्स्ट', म्हणजे आधी मोबाइल, ही रीत आम्हाला पटते. फोन श्रेष्ठ आहे म्हणून नाही. वाक्य लिहायला बसलं की आधी काय म्हणायचं हे ठरवावंच लागतं म्हणून. चित्रात ती टाळाटाळ खपून जाते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा करोनाचा डॅशबोर्ड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. लॉरेन गार्डनर आणि एनशेंग डॉन्ग यांनी तो २२ जानेवारी २०२० ला सुरू केला आणि १० मार्च २०२३ पर्यंत तो अद्ययावत होत राहिला. काळ्या नकाशावर लाल वर्तुळं, बाजूला देशांची यादी, पलीकडे आलेख. हे उत्तम चित्र होतं. जग एका नजरेत दिसत होतं. पण फोनसाठी त्याची वेगळी मांडणी द्यावी लागली, कारण चित्र नुसतं लहान करून वाक्य होत नाही. आणि वाचणाऱ्याचा प्रश्नही बदललेला असतो. संगणकापुढे बसलेला संशोधक विचारतो, 'जगात साथ कशी पसरते आहे?' फोन हातात घेतलेली आई विचारते, 'माझ्या गावात काय चाललं आहे?'

यावरून दुसरा नियम. पडद्यापासून सुरुवात करू नका, माणसापासून करा. तो कोण आहे, कुठे उभा आहे, आणि हे बघून पुढच्या दहा मिनिटांत काय करणार आहे? खाटांच्या उदाहरणात करोनाच्या काळात मुंबई महापालिकेने २४ विभागांत वॉर रूम उभारल्या होत्या, तिथे बसलेल्या अधिकाऱ्याला सगळ्या रुग्णालयांची तुलना हवी, म्हणजे मोठा तक्ता, गाळणी, क्रमवारी. रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला हवीत जवळची तीन नावं, माहितीची वेळ आणि बोट टेकवताच लागणारा फोन. माहिती एकच, प्रश्न दोन. म्हणून मांडण्या दोन.

नाही, शून्य आणि माहीत नाही

आता थोडं अभावाविषयी. मीमांसकांपैकी कुमारिल भट्टांची परंपरा आणि अद्वैती अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानतात. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कसं कळतं? घडा दिसत नाही म्हणून. पण अट अशी, की घडा असता तर दिसलाच असता अशी परिस्थिती पाहिजे. काळोखात घडा दिसला नाही म्हणून 'घडा नाही' असं म्हणता येत नाही. याला योग्य अनुपलब्धी म्हणतात.

प्रत्येक डॅशबोर्ड करणाऱ्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं असं आम्हाला वाटतं. 'एकही खाट रिकामी नाही' आणि 'त्या रुग्णालयाने आज माहिती भरलीच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी शून्य लिहा. दुसऱ्यासाठी शून्य लिहू नका, जागा रिकामीही ठेवू नका. 'माहिती आलेली नाही' असे शब्दच लिहा. मोठ्या पडद्यावर करड्या रंगाच्या चौकोनाने भागतं, शेजारी रंगांची सूची असते. फोनवर ती सूची खाली गेलेली असते आणि करड्याचा अर्थ सांगायला कोणी नसतं.

तसंच गाळणीचं, म्हणजे फिल्टरचं. संगणकावर डावीकडे फिल्टर कायम दिसतात: जिल्हा पुणे, खाट ऑक्सिजनची, तारीख आजची. फोनवर ते सगळे एका लहानशा चिन्हामागे जातात. काल कोणीतरी 'फक्त सरकारी रुग्णालयं' निवडलेलं असतं, ते तसंच राहिलेलं असतं, आणि आज बघणाऱ्याला वाटतं की गावात दोनच रुग्णालयं आहेत. हा काळोखातला घडा. उपाय सोपा आहे. फिल्टर चिन्हामागे लपवा हवं तर, पण लागू काय आहे ते एका ओळीत वर लिहा: पुणे, सरकारी, आज, ४१ पैकी २ दाखवली आहेत.

शिळ्या माहितीचंही तेच. रेंज नसेल तर फोन पूर्वी साठवलेलं पान दाखवतो. पान ताजं दिसतं, आकडे कालचे. 'आत्ताच' आणि 'थोड्या वेळापूर्वी' असे शब्द तिथे घात करतात, कारण तेही कालचेच असतात. म्हणून तारीख आणि वेळ पूर्ण लिहावी, आणि संपर्क तुटला असेल तर तसं सांगावं.

आलेख, बोट आणि देवनागरी

आता थोड्या कारागिरीच्या गोष्टी. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅगिल यांनी १९८४ मध्ये आलेख वाचताना माणसाचा डोळा कुठे चुकतो याचे प्रयोग मांडले. एकाच मोजपट्टीवरची जागा आपण सर्वांत अचूक ओळखतो, लांबी त्याखालोखाल, कोन आणि क्षेत्रफळ त्याहून वाईट. म्हणजे पट्ट्यांचा आलेख चकतीच्या आलेखापेक्षा भरवशाचा, आणि जागा लहान असली की जास्तच. फोनवर चकतीच्या आलेखाचे सात तुकडे, सात रंग आणि खाली सूची, हे टाळावं. उभ्या पट्ट्यांखाली गावांची नावं तिरकी लिहावी लागतात, मान वाकडी करून वाचावी लागतात. त्यापेक्षा पट्टे आडवे करा. नाव डावीकडे, पट्टा उजवीकडे, आकडा टोकाला. वीस गावं झाली तरी बोटाने वर सरकवता येतात.

रेषेच्या आलेखात एक छुपा धोका आहे. संगणकावर ९०० ठिपके रुंद आणि ३०० उंच असलेला आलेख फोनवर ३३० रुंद झाला आणि उंची तेवढीच ठेवली, तर तीच चढण अडीच पटींहून अधिक उभी दिसते. संगणकावर जी हळूहळू वाढ दिसते, ती फोनवर भडका उडाल्यासारखी दिसते. आकडे तेच, घबराट वेगळी. म्हणून रुंदीबरोबर उंचीही कमी करा किंवा दिवस कमी दाखवा, आणि रेषेच्या टोकाशी आजचा आकडा व बदल लिहा.

पुढे बोट. संगणकावर माउस नुसता वर नेला की माहितीची चौकट उघडते. फोनवर 'वर नेणं' ही क्रियाच नाही. जी माहिती फक्त माउसखाली उघडते ती फोनवर अस्तित्वातच नाही असं समजा. आणि बोट माउसपेक्षा जाड असतं. ॲपल किमान ४४ एककांचं बटण सुचवतं, गुगल ४८. वेबच्या सुगम्यतेचे जागतिक नियम, २०२३ मधली २.२ आवृत्ती, निदान २४ ठिपके तरी मागते. थरथरत्या हातांसाठी यांतला मोठा आकडा घ्यावा. याच नियमांत असंही आहे, की ३२० ठिपक्यांच्या रुंदीत साधा मजकूर वाचण्यासाठी आडवं-उभं असं दोन्हीकडे सरकवावं लागू नये. तक्त्यांना त्यातून सूट आहे. आमच्या त्या खाटांच्या तक्त्याने बहुधा या सुटीत बसूनच घोटाळा केला असता. नियम पाळला म्हणजे काम झालं असं नाही, ते असं.

रुंद तक्ता फोनवर आणायचाच असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला रकाना, म्हणजे नावाचा, जागेवर खिळवून बाकीचे सरकू द्यायचे, आणि उजव्या कडेला पुढचा रकाना अर्धा कापलेला दिसू द्यायचा. अर्धं अक्षर दिसलं की माणूस आपणहून सरकवतो. किंवा प्रत्येक ओळीचं एक कार्ड करायचं. कार्डात सोबती सोबत राहतात, पण ओळींची तुलना अवघड होते. म्हणून कार्डं असतील तर क्रम आपणच लावून द्यावा: जवळचं आधी, किंवा ताजी माहिती आधी.

रंगाविषयी एवढंच, की लाल-हिरव्यातला भेद न दिसणारे पुरुष आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतील. रंगाबरोबर शब्द किंवा खूण हवीच. शिवाय फोन भर उन्हात बघितला जातो, तिथे फिकट करडी अक्षरं कोणालाच दिसत नाहीत.

आणि आपल्या लिपीचं. देवनागरीत मात्रा, वेलांटी, रफार वर जातात, उकार खाली. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीच्या उंचीत आपले उकार छाटले जातात. बारीक अक्षरात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, आणि आपला ४ घाईत इंग्रजी आठासारखा वाचला जातो. म्हणून देवनागरी आकडे वापरा, पण मोठे वापरा, आणि एकाच पानावर दोन लिप्यांचे आकडे मिसळू नका. स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने द्या. १२,३४,५६७ वाचताना बारा लाख आपोआप ओठांवर येतं. तोच आकडा तीन-तीनच्या गटांत फोडला की मोजत बसावं लागतं.

शेवटची कसोटी

हे सगळं केल्यावर एक परीक्षा घ्यायची. ज्याने तो डॅशबोर्ड कधी पाहिलेला नाही अशा माणसाच्या हातात फोन द्या. खरा प्रश्न विचारा: 'वडिलांना ऑक्सिजनची खाट हवी आहे, कुठे जाल?' आणि गप्प बसा. मदत करू नका. उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न: 'ही माहिती कधीची?' दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर काम अजून बाकी आहे. मग तेच संगणकावर करा. दोन्हीकडून एकच निर्णय निघाला, तर दोन्ही मांडण्या खऱ्या.

आता प्रश्न घेऊ.

*श्रोता: सर, मग मोबाइल आणि संगणकासाठी दोन वेगळे डॅशबोर्डच का करू नयेत?*

मांडण्या दोन करा, हिशेब दोन करू नका. आकडा एकाच ठिकाणी तयार झाला पाहिजे. नाहीतर अधिकाऱ्याच्या पडद्यावर ५२ टक्के आणि नागरिकाच्या फोनवर ५५, आणि मग दोघंही कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. एकदा आप्तपणा गेला, की सगळा डॅशबोर्ड गेला.

*श्रोता: आता सगळेच मोबाइल वापरतात. मोठ्या पडद्याची गरज तरी काय?*

जोवर तुलना करायची आहे, तोवर गरज आहे. 'आज काय करू' याचं उत्तर फोन देतो. 'हे असं का होतंय' हे शोधायला दहा गोष्टी एकत्र बघाव्या लागतात. त्यासाठी टेबल लागतं, पडदा लागतो आणि मुख्य म्हणजे सवड लागते.

*श्रोता: मी सरकारी कार्यालयात काम करते. आमच्या साहेबांना सगळं एकाच पडद्यावर हवं असतं, तेही फोनवर. त्यांना काय सांगू?*

ताई, साहेबांना नकार देऊ नका. त्यांना विचारा, 'सर, यातला कोणता आकडा बदलला की तुम्ही लगेच कोणाला तरी फोन लावाल?' बहुधा दोन किंवा तीन आकडे निघतील. ते वर ठेवा, चारही सोबत्यांसह. बाकीचे खाली. साहेब खूश राहतील, आणि ज्या मुलाला रिक्षातून वडिलांना न्यायचं आहे, त्यालाही नीट दिसेल.

इथे थांबू या.